हनोईतले पहिले तीन दिवस : सॅक पाठीवर घेऊन जाणाऱ्यांसाठी

व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईच्या जुन्या भागात बसमधून उतरलं की पहिल्या पाच मिनिटांत आपल्याला वाटतं, हे तर आपलंच आहे. दुचाक्यांचा पूर, हॉर्न, फुटपाथवर लावलेल्या गाड्या, डोक्यावर तारांचं जंजाळ आणि त्या सगळ्यातून लयीत चालत जाणारी एखादी कावडवाली बाई. मी पुण्यात पंधरा वर्षं स्कूटर चालवली आहे. मला कोण काय शिकवणार, अशा तोऱ्यात पहिला रस्ता ओलांडायला गेले आणि अर्ध्यातून परत आले.

ओळखीचं वाटतं तिथेच हे शहर फसवतं. टोक्योत किंवा सोलमध्ये आपण पहिल्यापासून सावध असतो, कारण तिथलं सगळंच परकं. हनोईत आपण घरच्या सवयी घेऊन उतरतो, आणि त्यातल्या निम्म्या तिथे उलट्या पडतात. मी ऑक्टोबरच्या शेवटी एकटीच गेले होते. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळं चुकलं, तिसऱ्या दिवशी परतीचं तिकीट पुढे ढकलता येतंय का ते बघत होते. हॅलाँग बेचा समुद्र आणि सापा हे डोंगरातलं गाव यांच्या मधली एक रात्र एवढंच स्थान हनोईला देणारे कार्यक्रम मला अजिबात पटत नाहीत. तीन पूर्ण दिवस द्या.

निघण्याआधी

भारतीयांना व्हिसा लागतो, पण तो घरबसल्या मिळतो. एकदाच प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलर, अनेकदा ये-जा करायची असेल तर ५०. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. अर्ज व्हिएतनाम सरकारच्या संकेतस्थळावरच करा, म्हणजे ज्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ आहे तिथे. शोधल्यावर वर दिसणारी निम्मी संकेतस्थळं दलालांची असतात आणि त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. नाव भरताना थांबून दोनदा वाचा. आपल्या पासपोर्टात नावाला लागूनच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते गाळू नका. पासपोर्टाच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्यात नाव जसं आहे तसंच भरायचं. चुकलं तर नवा अर्ज आणि नवे २५ डॉलर. व्हिसा आला की कागदावर छापून घ्या, फोनवर विसंबू नका.

कधी जायचं? ऑक्टोबर-नोव्हेंबर. हवा कोरडी, सकाळी किंचित गारवा. उत्तर व्हिएतनामला खरा हिवाळा असतो हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरू शकतो आणि स्वस्त खोल्यांत गरम करायची काही सोय नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये भुरभुर पाऊस आणि इतकी दमट हवा, की फरशीला घाम फुटतो, धुतलेले मोजे चार दिवस वाळत नाहीत. जून-जुलैचा उकाडा चंद्रपूरकरांनाच झेपेल.

सॅक हलकी ठेवा, कारण ती घेऊन उभे जिने चढायचे आहेत. हे का, ते पुढे येईलच. आपल्या चार्जरची दोन गोल पायांची पिन तिथल्या बहुतेक सॉकेटात बसते, तीन पायांची बसत नाही. आणि शाकाहारी असाल तर मेतकुटाची पुडी घ्या. हसू नका, कारण सांगणार आहे.

विमानतळ ते गाव

नोइ बाय विमानतळ शहराच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर आहे. घड्याळ दीड तास पुढे करा. बाहेर पडण्याआधी दोनच कामं करायची. सिमकार्ड घ्या, त्याला पासपोर्ट लागतो. आणि थोडे डोंग, म्हणजे तिथलं चलन, काढा.

एटीएमसमोर उभं राहून मी आयुष्यात पहिल्यांदा एका झटक्यात वीस लाख काढले. ते सात हजार रुपयेसुद्धा नव्हते. हिशोब सोपा आहे: शेवटची तीन शून्यं उडवा आणि उरलेल्या आकड्याला साडेतीननं गुणा. उत्तर खऱ्यापेक्षा किंचित जास्त येतं, ते खिशाच्या दृष्टीनं बरंच. दुकानदारही ती तीन शून्यं बोलत नाहीत. पाटीवर ‘५०’ लिहिलं असेल तर ते पन्नास हजार समजायचे, म्हणजे आपले पावणेदोनशेच्या आत.

नोटांबाबत एकच गोष्ट नीट लक्षात ठेवा. सगळ्या नोटांवर व्हिएतनामचे स्वातंत्र्यनेते हो चि मिन्हच आहेत आणि वीस हजाराची नोट निळी आहे, पाच लाखांचीही निळीच. फरक पंचवीसपट. मी दुसऱ्या दिवशी चहावालीला वीस हजार समजून पाच लाख दिले. तिनं नोट माझ्या डोळ्यांसमोर धरली, बोटानं शून्यं मोजून दाखवली आणि परत केली. प्रत्येक जण असं करेलच असं नाही, म्हणून पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

गावात जायला ८६ नंबरची बस आहे. तिकीट ४५,००० डोंग, बसमध्येच मिळतं. आंतरराष्ट्रीय टर्मिनलच्या बाहेरून सुटते, लाल नदीवरचा न्हात तान पूल ओलांडून लाँग बिएन थांब्यावरून जुन्या भागाच्या कडेकडेनं रेल्वे स्टेशनपर्यंत जाते. तासभर लागतो. रात्री उशिरा उतरलात तर फोनवरच्या ग्रॅब किंवा सान्ह एसएम ॲपवरून गाडी बोलवा, भाडं आधीच दिसतं. दरवाजाबाहेर ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत सॅकला हात घालणाऱ्यांशी बोलूच नका. इथे आपली एक सवय उपयोगी पडते: मुंबई सेंट्रलला उतरल्यावर आपण जसा चेहरा करतो तसा करून सरळ चालत राहायचं.

खोली कशी निवडायची

जुन्या भागातली घरं नळीसारखी असतात. रस्त्याकडचा भाग तीन-चार मीटरच, पण आत शिरलं की संपतच नाही. हॉस्टेलंही अशाच घरांत असतात. त्यामुळे रस्त्याकडच्या खोलीला खिडकी असते आणि गोंगाटही, मधल्या खोलीला दोन्ही नसतं, आणि जिना इतका अरुंद की सॅक पाठीवर घेऊन वळता येत नाही, हातात धरावी लागते. लिफ्ट क्वचित. आरक्षण करतानाच विचारा, खिडकी आहे का आणि कितवा मजला. मी विचारलं नव्हतं. पहिली रात्र चौथ्या मजल्यावर बिनखिडकीच्या खोलीत काढली आणि सकाळी नऊला उठले तेव्हा वाटलं अजून पहाटच आहे.

ता हिएन रस्त्याच्या आसपास राहू नका. तिथे रात्री बिअर आणि कर्णे चालतात, आणि ते बघायला दहा मिनिटं चालत जाता येतं. १८८६ च्या सेंट जोसेफ चर्चच्या मागच्या गल्ल्या किंवा उत्तरेकडे चुक बाक तळ्याचा परिसर जास्त शांत. तुमचा पासपोर्ट हॉस्टेलवाले नोंदीसाठी मागतात, तो नियमच आहे. फोटो काढून लगेच परत द्या म्हणावं.

पत्त्यात तिरकी रेघ दिसली तर घाबरू नका. ५/३२ म्हणजे मुख्य रस्त्यावरच्या बत्तीस नंबरच्या किंवा पाच नंबरच्या बोळात शिरायचं, मग आतला क्रमांक शोधायचा. कोणता आकडा बोळाचा ते पाटी बघून कळतं. बोळाला ‘न्गो’ म्हणतात आणि बोळातल्या बोळाला ‘न्गाक’. कसबा पेठेत वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

रस्ता ओलांडणं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

आपण रस्ता कसा ओलांडतो? जागा दिसली की पळतो, मध्येच थांबतो, हात दाखवतो, एक पाऊल मागे घेतो, पुन्हा पळतो. समोरचा चालकही हेच गृहीत धरून ब्रेक लावतो किंवा शिव्या घालतो. हनोईत स्कूटरवाला ब्रेक लावायच्या भानगडीत पडत नाही. तुम्ही पुढच्या दोन सेकंदांत कुठे असाल याचा अंदाज घेऊन तो तुमच्या मागून किंवा पुढून वळसा घालतो. त्याच्या मागचा आणि त्याच्याही मागचा तेच करतो. तुम्ही दचकून थांबलात किंवा मागे आलात की त्या सगळ्यांचा अंदाज एकदम चुकतो. अपघात होतो तो तेव्हा.

तेव्हा असं करायचं. फुटपाथच्या कडेला उभं राहून आधी डावीकडे बघायचं, कारण तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. (मग उजवीकडेही बघायचं, कारण उलट्या दिशेनं येणारे तिथेही आहेत.) बस किंवा मोटार येत असेल तर तिला जाऊ द्यायचं, ती वळसा घालत नाही. फक्त दुचाक्या उरल्या की पाऊल टाकायचं आणि पालखीबरोबर चालल्यासारखं एका चालीत चालत राहायचं. पळायचं नाही, थांबायचं नाही, मागे तर मुळीच यायचं नाही, फोन खिशात. पहिल्या दिवशी हे जमणार नाही. मग एखादी भाजी घेऊन चाललेली आजी गाठायची आणि तिच्या बाजूला, गाड्यांच्या पलीकडच्या अंगाला राहून तिच्या पावलांबरोबर पाऊल टाकायचं. मी तीन आज्यांच्या आधारानं शिकले. तिसरीनं तर न विचारताच माझं मनगट धरलं.

१ जानेवारी २०२५ पासून तिथे वाहतुकीचे दंड फार वाढले आहेत. लाल दिवा तोडल्यास दुचाकीला ४० ते ६० लाख डोंग. त्यामुळे सिग्नलवर आता लोक खरोखर थांबतात. पण जुन्या भागात सिग्नल आहेत कुठे?

स्वतः स्कूटर भाड्यानं घ्यायचा मोह आपल्याला फार होतो. नका घेऊ. आपल्याकडचा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारानुसारचा असतो आणि व्हिएतनाम १९६८ चा करार मानतो, म्हणून तो तिथे चालत नाही. भाड्यानं देणारा काही विचारत नाही, पण अपघात झाला की विमा कंपनी विचारते.

पोटाचं काय

मांसमच्छी खाणाऱ्यांना इथे मार्गदर्शकाची गरज नाही. जिथे स्थानिक लोक गुडघे छातीशी घेऊन बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसलेत तिथे बसा, शेजारच्याच्या वाटीकडे बोट दाखवा. सकाळी फो, म्हणजे मांसाच्या रश्शातल्या तांदळाच्या शेवया; दुपारी बुन चा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस, तांदळाच्या शेवया आणि ओंजळभर कच्चा हिरवा पाला. बुन चा दुपारचं खाणं आहे, रात्री शोधत फिरू नका.

आता शाकाहाऱ्यांसाठी. तिकडे शाकाहाराला म्हणतात ‘चाय’, उच्चार अगदी हिंदीतल्या चहासारखा. आणि चहाला म्हणतात ‘चा’, आपल्या चहाच्या जवळचा. म्हणजे ‘चाय’ मागितलात तर शाकाहारी जेवण येईल, ‘चा’ मागितलात तर चहा, आणि ‘चा’चा सूर चुकून खाली जाऊन वर आला तर ते बुन चामधलं भाजलेलं मांस. ही थट्टा नाही. भाषा सुरांची आहे, अक्षरं तीच ठेवून सूर बदलला की शब्द बदलतो. नमस्काराचा ‘चाव’ उतरत्या सुरात, चढत्या सुरात तोच ‘चाव’ म्हणजे तांदळाची पेज. मी पहिले दोन दिवस भेटेल त्याला हसतमुखानं ‘पेज’ म्हणत होते.

म्हणून बोलण्यावर भिस्त न ठेवता फोनवर लिहून ठेवलेलं वाक्य दाखवा: मी शाकाहारी आहे, मांस नको, मासा नको, माशाचा सॉसही नको. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ‘न्वक माम’ हा माशांचा सॉस तिथे आपल्या फोडणीइतका सर्वव्यापी आहे. नुसती पालेभाजी मागवली तरी त्यात तो असू शकतो. लसूण घालून परतलेली नाळीची भाजी, ‘राव मुओंग’, आणि टोमॅटोच्या रश्शातला टोफू, ‘दाउ’, या दोन गोष्टी साध्या भातखाणावळीतही मिळतात आणि चांगल्या लागतात, पण सॉसचं वाक्य दाखवल्यावरच.

‘कोम चाय’ अशी पाटी दिसली की निर्धास्त शिरा, ती पूर्ण शाकाहारी खाणावळ. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, बरेच व्हिएतनामी लोक स्वतःच शाकाहार पाळतात. तेव्हा या खाणावळींत रांगा लागतात आणि पदार्थही जास्त असतात. दिनदर्शिकेत पौर्णिमा बघून तिकीट काढलंत तर शहाणपणाचंच ठरेल.

सकाळी पदपथावर बाया टोपलीत गरम चिकट भात घेऊन बसतात. त्या भाताचं नाव ‘सोय’, आणि ती खरोखरच सोय आहे. ‘सोय लाक’ म्हणजे शेंगदाणे घातलेला, वर तीळ-मिठाची पूड, केळीच्या पानात गुंडाळलेला. पिवळा ‘सोय सेओ’ मुगाच्या वाटलेल्या डाळीचा आणि तळलेल्या कांद्याचा, पण त्यावर वरून जे तेल ओततात ती बहुधा चरबी असते. हातानं नको म्हणा. आणि शरद ऋतूत गेलात तर ‘कोम’ चुकवू नका, भाताच्या खाणावळीतला ‘कोम’ नव्हे, सूरही वेगळा आणि स्वरही. कोवळा चिकट तांदूळ भाजून, कांडून चपटा करतात आणि कमळाच्या पानात बांधून विकतात. हिरवे पोहे, आणि चव हुरड्याच्या कुळातली. मी उभ्या उभ्या दोन पुड्या संपवल्या.

मेतकुटाचं राहिलं. चाय खाणावळीत साधी पांढरी पेज मिळते. एका संध्याकाळी पोट बिघडलं होतं, तेव्हा त्या पेजेत मेतकूट आणि मीठ घातलं. शेजारच्या बाईनं बोट बुडवून चव घेतली आणि मान हलवली. आवडलं की नाही ते कळलं नाही.

नळाचं पाणी पिऊ नका. बाकी तहानेसाठी ‘चा दा’, बर्फ घातलेला कोरा चहा. पाच हजार डोंगात ग्लासभर. कॉफी दुधासह हवी असेल तर ‘नाउ’ म्हणा, त्याचा अर्थ तपकिरी. अंडं चालत असेल तर अंड्याची कॉफीही घ्या. १९४६ च्या सुमारास दुधाचा तुटवडा असताना मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुएन वान जांग यांनी दुधाऐवजी पिवळा बलक घोटून घातला. घराण्याचं कॅफे जांग आजही एका बोळाच्या आत चालू आहे. वास येत नाही, ती कॉफीपेक्षा गरम खिरीच्या जवळची वाटते. चमच्यानं खायची.

दादा, ताई, काकू

इथे मात्र आपली सवय मदतीला येते. व्हिएतनामी भाषेत ‘तू-तुम्ही’ऐवजी नातीच वापरतात. थोरला भाऊ ‘आन्ह’, थोरली बहीण ‘ची’, धाकटं कुणीही ‘एम’, आत्याच्या वयाची ‘को’, काकाच्या वयाचा ‘चू’, आजी ‘बा’, आजोबा ‘ओंग’. हाक मारताना पुढे ‘ओइ’ लावायचं: ‘ची ओइ’ म्हणजे ‘अहो ताई’. उपाहारगृहात हात वर करून ‘एक्सक्यूज मी’ म्हणत बसलात तर कुणी ढुंकून बघणार नाही. ‘ची ओइ’ म्हणा, लगेच वळून बघतील.

यातूनच दुसरी गोष्ट येते. ओळख होताच लोक वय विचारतात, बायकांनाही. तो आगाऊपणा नसतो, तुम्हाला काय म्हणायचं ते त्यांना ठरवायचं असतं. लग्न झालंय का तेही विचारतात. तिथे कारण वेगळं असावं, पण तो प्रश्न आपल्याला नवा थोडाच आहे. भारताला ‘आन दो’ म्हणतात. तेवढं सांगता आलं की पुढचं हातवाऱ्यांनी होतं.

घासाघीस कुठे करायची? कपडे, पिशव्या, शोभेच्या वस्तू इथे जरूर करा. खाण्याच्या गाडीवर आणि चहावालीकडे नाही. आणि सकाळी दुकान उघडताच शिरून, तासभर भाव करून, काही न घेता बाहेर पडू नका. भवानीची कल्पना तिथेही आहे, ‘मो हांग’ म्हणतात. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं की दिवस वाईट जातो असं मानतात, आणि काही दुकानदार तो अपशकुन घालवायला कागद पेटवून ओवाळतात. माझ्या पाठीमागे एकीनं पेटवला. अर्थ नंतर कळला.

तीन दिवस कसे घालवायचे

पहिल्या दिवशी काहीही ‘बघू’ नका. सॅक टाका, होआन किएम तळ्याला एक चक्कर मारा आणि बुटक्या स्टुलावर तासभर बसा. पंधराव्या शतकात मिंग चिनी फौजांना हाकलून राजा झालेल्या ले लोइनं आपली दैवी तलवार याच तळ्यातल्या कासवाला परत केली अशी कथा आहे. होआन किएम म्हणजे तलवार परत करणं. तळ्यातलं शेवटचं महाकाय कासव जानेवारी २०१६ मध्ये मेलं. लाल लाकडी पुलावरून न्गोक सन देवळात गेलं की तिथे आधीच्या एका कासवाचं पेंढा भरलेलं धूड काचेत ठेवलं आहे, बैलगाडीएवढं वाटतं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला परत या. तळ्याभोवती बायका गाणी लावून नाचत असतात, म्हातारे बॅडमिंटन खेळतात. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र हे रस्ते गाड्यांना बंद असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं शनिवार-रविवार धरून जावं ते याचसाठी. रस्ता ओलांडायचा सराव नसलेल्यालाही दोन दिवस मोकळं फिरता येतं.

दुसरा दिवस जुन्या भागाचा. जुनी मंडळी याला ‘छत्तीस रस्ते’ म्हणतात. ‘हांग’ म्हणजे माल, आणि पुढचा शब्द त्या गल्लीत काय विकत त्याचा: हांग बाक चांदीची, हांग थिएक पत्र्याची, हांग क्वात पंख्यांची. पुण्यातल्या तांबट आळी, बोहरी आळीसारखंच. काही गल्ल्यांनी धंदा बदलला, पण पत्र्याच्या गल्लीत आजही दिवसभर हातोडे वाजतात आणि लान ओंग गल्लीत शिरण्याआधीच काढ्याचा वास येतो. हांग मा गल्लीत पूर्वजांसाठी जाळायच्या कागदी वस्तू मिळतात. कागदी कपडे, कागदी घर, कागदी स्कूटर, कागदी डॉलर. वाडवडिलांना वर आयफोन हवा असेल असं कुणीतरी ठरवलेलं दिसतं.

नकाशा कमी बघा, कारण रस्त्याचं नाव दर शंभर-दोनशे पावलांवर बदलतं. तळ्यापासून सरळ उत्तरेला चाललात तर एकच रस्ता आधी हांग दाव, मग हांग न्गांग, मग हांग दूओंग होतो आणि दोंग स्वान बाजाराशी संपतो. ही एक रेघ डोक्यात ठेवली की हरवणार नाही.

याच भागात दोन फसवणुका ठरलेल्या आहेत. कावडवाली हसत हसत कावड तुमच्या खांद्यावर ठेवते, फोटो काढा म्हणते आणि मग केळी-अननसाचे भलतेच पैसे मागते. दुसरी माझ्यावर गुदरली. एक माणूस वाकून माझ्या बुटाकडे बोट दाखवू लागला, मी खाली बघेपर्यंत तळव्याला गोंद लावून मोकळा. मग दुरुस्तीचे चार लाख डोंग. मी एक लाखावर सुटले आणि बूट आधी बरा होता त्यापेक्षा वाईट झाला. कुणीही बुटाकडे बोट दाखवलं की खाली बघूच नका.

संध्याकाळी वान मिएउ बघायचं राहून जाईल, म्हणून दुपारीच जा. १०७० साली बांधलेलं कन्फ्यूशियसचं हे मंदिर, तिथेच १०७६ मध्ये राजघराण्यातल्या मुलांसाठी विद्यालय निघालं. दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख उभे आहेत, परीक्षा पास झालेल्यांच्या नावांचे. थोडक्यात, काही शतकांपूर्वीची स्पर्धा परीक्षेची गुणवत्ता यादी. सदाशिव पेठेत अभ्यासिकेच्या भाड्यात तारुण्य घातलेल्यांना इथे भरून येईल. तिकीट ७०,००० डोंग.

तिसऱ्या दिवशी सकाळी हो चि मिन्ह यांचं समाधिस्थळ, जिथे त्यांचा देह जपून ठेवला आहे. सोमवारी आणि शुक्रवारी बंद, बाकीच्या दिवशी फक्त सकाळी. गुडघे झाकलेले हवेत, बोलायचं नाही, थांबायचं नाही, दोन मिनिटांत बाहेर. त्यांनी स्वतः मात्र दहन करावं असं लिहून ठेवलं होतं. समोरच्या बा दिन्ह चौकात त्यांनी २ सप्टेंबर १९४५ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. रांग पाहून कंटाळा आला तर सोडून द्या, मी सोडली असती तरी चाललं असतं.

त्याऐवजी वेळ लाँग बिएन पुलाला द्या, ऊन उतरल्यावर. १८९९ ते १९०२ मध्ये फ्रेंचांनी बांधलेला हा लोखंडी पूल आयफेलचा म्हणून सांगतात, तसं नाही, तो देदे आणि पिये या कंपनीचा. अमेरिकन विमानांनी १९६७ मध्ये आणि पुन्हा १९७२ मध्ये तो तोडला. मधल्या कमानी गेल्या त्या जागी नुसते सरळ गर्डर आहेत, चालताना स्पष्ट कळतं. मधून आगगाडी जाते, दोन्ही बाजूंनी दुचाक्या आणि पादचारी. आणि गंमत म्हणजे अख्ख्या शहरात उजवीकडून चालणारी वाहतूक या पुलावर डावीकडून चालते, आपल्यासारखी. तीन दिवस कष्टानं लावलेली मान इथे पुन्हा उलटी फिरवावी लागते. घरांमधून जाणारा तो प्रसिद्ध ‘ट्रेन स्ट्रीट’ मात्र वगळा. तिथे अडथळे लावलेले असतात, कॅफेवाले आत नेतात, मग कॉफीही त्यांचीच घ्यावी लागते. पुलाच्या टोकाचं छोटं लाँग बिएन स्टेशन फुकट आहे आणि गर्दी नाही.

परतताना

डोंग आपल्याकडे सहज बदलून मिळत नाहीत. विमानतळावर जाण्याआधीच संपवा किंवा बदलून घ्या. ८६ नंबरच्या भाड्याचे ४५ हजार बाजूला ठेवा.

आणि चालण्याची ती सवय विमानातच उतरवून ठेवा. पुण्याला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी टिळक रस्त्यावर हनोईच्या त्याच शांत, एकसारख्या चालीत पाऊल टाकलं. पहिला रिक्षावाला माझ्यापासून वीतभर अंतरावर करकचून थांबला. ‘ओ ताई,’ तो म्हणाला, ‘पळा की!’